बुजगावण्याच्या खिशातलं रान

चढण संपवून वर आले आणि बघते तर माझ्या डोंगरउतारावर चाळीस माणसं उभी. हात पसरून, गप्प, सगळी माझ्याकडे तोंड करून. एकाच्या अंगात खाकी शर्ट, एकाच्या अंगात हॉटेलातल्या वेटरचा लाल कोट, आणि मधोमध फुलाफुलांच्या मॅक्सीत एक बाई. डोकी मडक्यांची. मडक्यांवर चुन्याने काढलेल्या मिशा. मॅक्सीवालीलासुद्धा मिशा होत्या.

त्यांच्यामधून वाट काढत सगुणकाका गवस आले. सत्तरी ओलांडलेला, काटकुळा माणूस. हाताला चुना लागलेला आणि चेहऱ्यावर घरात लग्न लागल्याचा आनंद.

"कसो वाटता बंदोबस्त, बाय?" ते म्हणाले. "तू घरी गेलंस आणि माका वाटला, एवढे दांडे उभे आसत आणि एकाच्याव अंगात कापड नाय. लोक काय म्हणतले?"

मी तिथेच खाली बसले. पंधरा दिवस भावाच्या लग्नाला जतला काय गेले, माझ्या तीन वर्षांच्या कामाचं या माणसाने तेरावं घातलं होतं.

झालं होतं असं. दोडामार्गच्या पुढे, तिळारीच्या खोऱ्यात शिरंगाळे नावाचं गाव. तिथे सगुणकाकांचा सहा एकरांचा उतार. एके काळी त्यावर दिवसा अंधार पडेल असं रान होतं. ते तोडलं, मग तिथे काजू लावले, काजू वणव्यात गेले आणि उरलं नुसतं गवत. आमच्या पुण्याच्या छोट्या संस्थेने तो उतार तीन वर्षांच्या कराराने घेतला होता, पुन्हा रान आणायला. तिथलं काम बघणारी बाई मी. वय सत्तावीस, वनस्पतिशास्त्राची पदवी, आणि डोकं सदा तापलेलं. जतसारख्या दुष्काळी मुलखातली पोरगी कोकणात रान लावायला आली याचंच गावाला हसू होतं, आणि पहिली दोन वर्षं मी त्या हसण्याला भरपूर खाद्य पुरवलं. लावलेली रोपं निम्मी गव्यांनी खाल्ली, निम्मी उन्हाने मेली.

म्हणून तिसऱ्या वर्षी पुण्याच्या मॅडमनी नवी युक्ती पाठवली. आपण लावायचंच नाही. उतारावर उभे बांबू रोवायचे, त्यांना आडव्या काठ्या बांधायच्या आणि बाजूला व्हायचं. उतारापलीकडे देवराई आहेच. तिथली फळं खाल्लेली पाखरं या काठ्यांवर बसतील, बसली की घाण करतील, आणि घाणीतून बिया पडतील. मोकळ्या गवतावर पाखरू येत नाही, कारण त्याला बूड टेकायला जागा नसते. जागा दिली की रान पाखरंच पेरतात.

ही पाखरांना बोलवायची चाळीस आसनं. आणि कोकणी माणसाला आडवी काठी बांधलेला बांबू दिसला की त्याचा हात आपोआप जुन्या शर्टाकडे जातो.

"काका," मी म्हणाले, "ही पाखरं यावीत म्हणून लावली होती."

सगुणकाकांनी माझ्याकडे पाहिलं, बुजगावण्यांकडे पाहिलं. "येवक व्हयी म्हणान?" ते म्हणाले. "मगे माका सांगलंस कशाक नाय?"

खरंच सांगितलं नव्हतं. खड्डे त्यांच्याकडून खणून घेतले होते, बांबू त्यांच्याच बेटातले होते, पण हे कशासाठी चाललंय ते सांगायचं मला सुचलंच नव्हतं. स्वतःची चूक कळली की मी जरा जास्तच तापते. त्या दिवशी मी जे तोंड सोडलं ते आठवलं की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात. शेवटी म्हणाले, "आता इथे कावळासुद्धा फिरकणार नाही. आणि तुमचा गरुड तर मेला तरी येणार नाही."

गरुड म्हणजे आमच्या पुस्तकातला धनेश. केवढी ती चोच, वर शिंगासारखं टोपण, आणि उडाला की पंखांचा असा आवाज की माणूस आधी वर बघतो आणि मग घाबरतो. सगुणकाकांनी हा उतार आम्हाला दिला तोच या पक्ष्याचं नाव घेऊन. "गरुड परत येतलो काय?" एवढंच विचारलं होतं. मी "येईल" म्हणाले आणि त्यांनी अंगठा उठवला. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्यांच्या मुलाला, उल्हासला, हे बिलकूल पसंत नव्हतं. तो पणजीला एका हॉटेलात होता. त्याला उतार अननसाला द्यायचा होता, माणूसही ठरला होता. त्याने बापाच्या हट्टापुढे तीन वर्षं कळ काढली, पण अट घातली, आणि ती माझ्याच व्याख्यानातून उचललेली होती. मी एकदा फुशारकीने सांगितलं होतं की रानजायफळाची बी एवढी मोठी असते की इथे ती गिळू शकतो तो एकटा धनेश. बुलबुलाचं, मैनेचं ते कामच नव्हे. उल्हास म्हणाला, "मॅडम, मगे सोपा आसा. तिसऱ्या चतुर्थेक मी येतलंय. कोणी न लावलेला एक रानजायफळ माका ह्या उतारार दाखवा. रान आपोआप येता ना? येवं दे. नाय इला तर अननस."

तिसरी गणेशचतुर्थी सहा महिन्यांवर आली होती, आणि माझ्या उतारावर मिशा काढलेली मॅक्सी उभी होती.

भांडून झाल्यावर काकांच्या घरी चहा झाला. भांडण कितीही मोठं असलं तरी चहा चुकायचा नाही, हा शेवंतीकाकीचा दंडक. काकीचे गुडघे गेलेले. ती खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बाजेवर बसून सगळं घर तोंडाने चालवायची, आणि काका तिच्या आवाजाबरहुकूम विहीर ते चूल, चूल ते गोठा अशा फेऱ्या घालायचे. पाणी, विळी, पानाचा डबा, जे मागेल ते तिच्या हातात. पानाचा डबा फक्त तिचा. काकांचं पान डॉक्टरांनी बंद केलं होतं.

काका बराच वेळ बशीत बघत बसले. मग म्हणाले, "गरुड त्या बियेचा करता तरी काय? पोटात घालता?"

"फळ गिळतो. बीवरचं लाल जाळं असतं ना, ते त्याला हवं असतं. ते पोटात ठेवतो आणि बी स्वच्छ करून तोंडातून टाकून देतो. जाळं तसंच राहिलं तर बी कुजते."

"तोंडातसून?"

"तोंडातून."

"आणि दुसऱ्या कोणाक ता जमणा नाय?"

"एवढं मोठं तोंड आहे कोणाचं इथे?" मी म्हणाले.

"ह्यांचा आसा," काकी बाजेवरून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर खाकी शर्टाच्या मडक्यावर बुलबुल बसलेला. अगदी आरामात, मिशीवर शेपूट टाकून. त्याने माझ्यासमोर खाकी खांदा घाण केला. दुपारपर्यंत मैना आल्या. पाखरांना त्या शर्टांचं काडीचं भय नव्हतं. उलट खांदे रुंद झाल्यामुळे बसायची सोयच झाली होती. मी शर्ट काढायचा बेत सोडून दिला.

आता खरं तर मी धावत जाऊन काकांना सांगायला हवं होतं की तुमचं काही चुकलं नाही. पण आदल्या दिवशी एवढा तमाशा केल्यावर लगेच खाली उतरायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं. काकांनी आपणहून बुलबुल दाखवला, म्हणाले, "बसलो बघ गो." तर मी काय म्हणावं? "बुलबुलाचं काय घेऊन बसलात? धनेश बसायला हवा." काकांनी मान हलवली आणि निघून गेले. मला वाईट वाटलं, पण तेवढ्यापुरतंच.

मे महिन्यात काका लंगडू लागले. विचारलं तर म्हणाले, विहिरीवर घसरलंय. त्याच सुमारास मॅक्सीवालीच्या बांबूची आडवी काठी मधोमध मोडलेली सापडली. मी म्हटलं, वानर. वानरांच्या नावावर मी त्या तीन वर्षांत बरंच काही खपवलं.

मग पावसाच्या तोंडावर काकीने मला बोलावून घेतलं. काका गोठ्यात आहेत याची खात्री केली, मला जवळ ओढलं आणि म्हणाली, "बाय, ह्यांका परत पानाची लत लागली."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगूक कशाक व्हया? सकाळी रानात जातत, येतत ते तोंड लाल. विचारलंय तर गप. आंगाक वासय नाय पानाचो. कसला पान खातत देव जाणा. तू त्यांका दम दी. तुका घाबरतत ते."

मी दम दिला. काका खाली मान घालून उभे राहिले आणि म्हणाले, "बरा, खावचंय नाय." दोन दिवसांनी तोंड पुन्हा लाल. मी मनात म्हटलं, या वयात माणसाला सुधारायला जाऊ नये.

चतुर्थी आली. उल्हास आला. सकाळची आरती आटोपून, मोदक पोटात घेऊन आम्ही तिघं उतार चढलो. मला मोदक गोड लागला नव्हता. आदल्या आठवड्यात मी उताराचा वरचा भाग पालथा घातला होता. कुंभा होता, आंबाडा होता, उंबराची बाळरोपं होती. बुलबुल-मैनांनी इमानेइतबारे काम केलं होतं. रानजायफळ मात्र कुठेच नव्हतं. खालच्या अंगाला गवत माझ्या कमरेपर्यंत, तिथे बघायचं राहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर बघायची हिंमत होत नव्हती.

उल्हास बुजगावण्यांमधून चालला होता. पावसात भिजून सगळ्यांच्या मिशा ओघळल्या होत्या. लाल कोटापाशी तो थांबला.

"ह्यो माझो कोट," तो म्हणाला. "पयल्या हॉटेलातलो."

"टाकून दिललस," काका म्हणाले.

मी पुढे होऊन मॅक्सीवालीच्या पायाशी गवत बाजूला केलं. तिथे, मॅक्सीच्या सावलीत, तीन रोपं उभी होती. वीतभर, ताठ, आणि बुडाशी अजून चिकटलेली ती मोठी तपकिरी बी. मी हातातली काठी टाकली आणि गुडघ्यांवर बसले. मला एकदम रडूच फुटलं. "उल्हास," मी म्हणाले, "हे बघा. रानजायफळ. आलाय तो. तुमच्या नकळत, माझ्या नकळत येऊन गेलाय."

उल्हास वाकला. बघत राहिला. त्याचा चेहरा जरा सैल झाला. "खरोच इलो?" तो म्हणाला. बापाकडे बघून हसलासुद्धा. काका आभाळाकडे बघत होते.

खाकी शर्टाखाली तीन रोपं. पलीकडच्या चट्ट्यापट्ट्याच्या शर्टाखाली तीन. मी नाचतच होते. धोतराच्या फाटक्या पानाखाली तीन. पाचव्या बुजगावण्यापाशी माझे पाय मंदावले. सहाव्याखाली तीन. सगळी उताराच्या बाजूला, खांबापासून बरोब्बर हातभर. लाल तोंड आठवलं, लंगडा पाय आठवला, मोडकी काठी आठवली. मला सगळं कळलं, आणि मी गप्प बसले. सहा एकर रानासाठी मी त्या दिवशी खुशाल खोटं बोलले असते.

"मॅडम," उल्हास म्हणाला, "गरुड मोजून टाकता काय?"

"फार शिस्तीचा पक्षी आहे," मी म्हणाले.

उल्हासने माझ्याकडे पाहिलं. मग तो परत आपल्या लाल कोटाकडे गेला आणि सवयीने असेल, त्याने कोटाच्या खिशात हात घातला. हात बाहेर आला तेव्हा तळव्यावर चार जायफळं होती. ओल्या खिशात राहून त्यांना मोड आले होते. एकाचं मूळ तर खिशाच्या अस्तरात गुंतलं होतं, ते त्याने हळूच सोडवलं.

"बाबा," तो म्हणाला, "ह्या काय?"

काकांनी कोटाच्या खिशाकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "जास्तीची."

"म्हणजे ही तुमी लावलात."

"लावलंय नाय," काका घाईघाईने म्हणाले. "हात लावलंय नाय मी. देवराईत खाली पडलली फळा तोंडात घातलंय, जाळा चोखून खाल्लंय, हय येवन थुकलंय. आदी दांड्यार चढान बसाक गेलंय, उंचावरसून पडूक व्हयी म्हणान, पण दांडो मोडलो. मगे खालसूनच थुकलंय."

"आणि सगळीकडे तीन-तीन?"

"तोंडात तीनच मावतत."

मला हसू आलं आणि मी ओठ दाबून धरले. उल्हास मात्र हसला नाही. तो चिडला होता. "तुमी माका फसवूक बघलात," तो म्हणाला. "ह्या वयात. एका पाखराच्या पायी."

"तुका फसवूक नाय," काका म्हणाले. "मी दांड्यांका शर्ट घातलंय म्हणान तो इलो नाय. बाय म्हणाली तसा. मगे त्याचा काम कोणी करूचा? मीच करूक व्हया."

हे ऐकलं आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. तीन महिने हा म्हातारा माझं एक वाक्य तोंडात घेऊन देवराई ते उतार फेऱ्या घालत होता, आणि मला साधं "बुलबुल बसतोय, काका, तुमचं काही चुकलं नाही" एवढं म्हणवलं नव्हतं.

"काका, ते मी रागाने बोलले होते," मी म्हणाले. "शर्टांचा काही संबंध नव्हता. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी सांगितलं नाही."

काकांनी हात हलवला, जसं काही ती बाब केव्हाच मिटली होती. ते मॅक्सीवालीच्या शेजारी गवतात बसले आणि वाट चुकलेल्या जनावराबद्दल सांगावं तितक्या साध्या आवाजात बोलू लागले.

"उल्हासा, तू झालंस त्या वर्साची गोष्ट. हय, आता बसलंय ना, हयच मोठा झाड होता. रान तोडूक घेतला तेव्हा ता मी तोडलंय, माझ्या हातान. आडवा झाला तेव्हा बघलंय. आत गरुडाची मादी होती. पिल्लू होता. मादी ढोलीत आपणाक लिंपून घेता आणि नर बाहेरसून भरयता, ता माका ठावक होता. पण झाडार ढोली आसा ता दिसला नाय. मी वर बघलंयच नाय."

काकांनी बसल्या जागचं गवत हाताने सारखं केलं.

"मगे नर येय. रोज येय. तोंडात फळ. झाड नाय, ढोली नाय, ता फळ तो खंय देतलो? हय फिरा, वर फिरा, परत जाय. आठ दिवस. नवव्या दिवशी त्येना ता फळ हय टाकल्यान आणि गेलो तो गेलो. ती बी माझ्या पायाकडे पडली होती. लाल जाळा काढलली, स्वच्छ. ती तरी मी पुरूक व्हयी होती. पुरलंय नाय. लाकडा भरूची होती."

उल्हास हातातल्या मोड आलेल्या जायफळांकडे बघत राहिला. खालून, खळ्यातून, काकीचा आवाज आला. ती तीनशे हातांवरून बोलायची आणि शेजारी बसून बोलल्यासारखं ऐकू यायचं.

"उल्हासा, काय करतास वर? जेवणा थंड झाली. आणि बापाशीच्या तोंडाकडे जरा बघ, पान खातत काय ते."

उल्हासने बापाच्या तोंडाकडे बघितलं. मग त्याने खाली तोंड करून हाक दिली, "गे आये, बाबा पान खायनत नाय."

"खोटा बोलतास. तोंड लाल आसा त्यांचा."

"ता दुसऱ्या कसल्याचा."

"दुसऱ्या कसल्याचा तोंड लाल होता?"

याचं उत्तर तीनशे हातांवरून देण्यासारखं नव्हतं. उल्हास खाली वाकला. लाल कोटाच्या पायाशी बोटाने माती उकरली आणि खिशातली बी एकेक करून पुरली. चार पुरल्या. मग काय मनात आलं कोण जाणे, एक उकरून काढली आणि पलीकडे पुरली. तिथे तीनच ठेवल्या.

उठता उठता मला म्हणाला, "अननसवाल्याक सांगतंय, जमीन रिकामी नाय म्हणान."

जेवायला गेलो. काकीने काकांना उकडीचे पाच मोदक वाढले आणि पानाचा डबा पदराखाली लपवला.

त्या महिन्याच्या अहवालात पुण्याच्या मॅडमनी एक रकाना ठेवला होता: बी कोणत्या पक्ष्याने वा प्राण्याने आणली. मी पेन घेऊन बराच वेळ बसले आणि लिहिलं: धनेश, नर, एक, वय बहात्तर. मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "अगं, पक्ष्याचं वय एवढं अचूक कसं काय सांगतेस?" मी म्हणाले, "त्यांनीच सांगितलं." मॅडमनी दुसराच विषय काढला.

याला आता बावीस वर्षं झाली. सगुणकाका जाऊन अकरा झाली. त्यांच्या थुंकीतल्या तेहतीस रोपांपैकी नऊ जगली. बुलबुल-मैनांनी बाकीचं भरून काढलं आणि उतारावर पुन्हा दिवसा सावली पडायला लागली. शर्ट कधीच कुजून गेले. लाल कोटाचं एक बटण मात्र मला एका खोडात रुतलेलं सापडलं.

गेल्या मार्चमध्ये मी शिरंगाळ्याला गेले होते. शेवंतीकाकी आता नव्वदीला टेकलेली, नजर गेलेली, आवाज शाबूत. तिच्या बाजेवर बसून मी चहा पीत होते. उताराकडून आवाज आला, कोणीतरी मोठी चादर झटकत झटकत यावं तसा. मी कप खाली ठेवला. भलामोठा नर होता. काकांच्या एका जायफळाच्या शेंड्यावर बसला, एक फळ चोचीत घेतलं, मान उडवून आत टाकलं. मग दुसरं. मग तिसरं. मी श्वास धरून मोजत होते. तिसऱ्यानंतर तो उठला आणि देवराईकडे उडाला.

"इलो?" काकीने विचारलं.

"आला, काकी."

"किती नेल्यान?"

"तीन."

काकीने मान हलवली. थोडा वेळ पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "तोंड लाल आसा त्याचा?"

धनेशाच्या चोचीचं टोक केशरी-लालच असतं. "आहे," मी म्हणाले.

"बघ," काकी म्हणाली, आणि पानाचा डबा चाचपून पदराखाली ओढून घेतला. "अजून खातत. आणि तू म्हणालंस दम दिलंय."